विश्लेषण : ‘नारायण विनायक जगताप’ या लेखकाचे पुढे काय झाले? जयंत नारळीकर विज्ञानकथेकडे कसे वळले…

मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक त्याआधी कोणी ऐकला नव्हता आणि ऐकणे शक्यही नव्हते, कारण असा माणूसच नव्हता. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की कोडे सुटते. ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना., अर्थात जयंत विष्णू नारळीकर. जगभर गाजलेला हा खगोलशास्त्रज्ञ वयाच्या छत्तिशीत टोपणनावाने कथास्पर्धेत का उतरला, कोणाच्या प्रभावाने उतरला आणि पुढे त्याची कथा कशी बदलत गेली, याचा हा वेध.

टोपणनाव घेण्याची गरज का पडली?

नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. १९६४ मध्ये गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव भारतातील घराघरांत पोहोचले होते. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. अशा माणसाने स्वतःच्या नावाने विज्ञानकथा पाठवली असती तर परीक्षकांची पंचाईत झाली असती. बक्षीस दिले तर नावाला दिले म्हणायचे, नाही दिले तर नारळीकरांना नापास केले म्हणायचे.

या कथेच्या जन्माचा किस्सा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. अहमदाबादमध्ये एका परिषदेत एक व्याख्यान फारच कंटाळवाणे चालले होते. समोर परिषदेने दिलेले कोरे कागद होते. त्यांनी त्यावर कथा लिहायला सुरुवात केली. (परिषदांमध्ये मागच्या रांगेत बसून लॅपटॉपवर भलतेच काही करणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे.) कथा पूर्ण झाल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली. परिषदेतल्या मंडळींना त्यांचे हस्ताक्षर ओळखीचे होते. त्यामुळे पत्नी मंगला नारळीकर यांनी ती कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. मंगलाताई स्वतः गणिती होत्या.

निकाल लागला आणि गुपित फुटले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी मराठीतील या नव्या प्रवाहाची दखल घेतली. कराडचे ते संमेलन आणीबाणीविरुद्धच्या दुर्गाबाईंच्या भूमिकेमुळे लक्षात राहिले आहे. त्या गदारोळात विज्ञानकथेलाही जागा मिळाली, ही बाब मात्र फारशी कोणाला आठवत नाही. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या. जगतापांची गरज संपली आणि नारळीकर आपल्या नावाने लिहू लागले.

‘कृष्णविवर’ हा विषय त्या काळात किती नवा होता?

‘ब्लॅक होल’ हा शब्द विज्ञानाच्या जगातच तेव्हा नवा होता. जॉन व्हीलर यांनी तो १९६७ मध्ये रूढ केला. स्टीफन हॉकिंग यांचे कृष्णविवरातून होणाऱ्या उत्सर्जनावरचे गाजलेले संशोधन १९७४ चेच. म्हणजे केंब्रिजमध्ये ज्या विषयावर नव्याने शोधनिबंध लिहिले जात होते, त्याच विषयावर त्याच वर्षी मराठीत कथा लिहिली जात होती. विज्ञान आणि मराठी साहित्य यांच्या घड्याळांत इतके कमी अंतर याआधी क्वचितच पडले असेल.

घड्याळांचा उल्लेख येथे केवळ अलंकार म्हणून नाही. तीव्र गुरुत्वाकर्षणाजवळ काळ संथ चालतो, हे आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून निघते. कृष्णविवराजवळ हा परिणाम टोकाला जातो. पृथ्वीजवळ तो नगण्य वाटला तरी शून्य नसतो. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्त केली नाहीत तर फोनवरचा नकाशा एका दिवसात काही किलोमीटर चुकेल. आज खाद्यपदार्थ घरपोच आणणारा मुलगा ज्या गणितावर अवलंबून आहे, ते गणित १९७४ च्या वाचकाला परीकथेसारखे वाटत होते. नारळीकरांना कथेसाठी हवी असलेली अद्भुतता आयती मिळाली होती. ती कल्पनेने रचावी लागली नाही, समीकरणातून उचलायची होती.

गुरू फ्रेड हॉइल यांचा प्रभाव नेमका कसा होता?

नारळीकर १९५७ मध्ये बनारसहून केंब्रिजला गेले. त्याच वर्षी हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी तयार होतात, हे सांगणारा बर्बिज दाम्पत्य, विल्यम फाउलर आणि हॉइल यांचा ऐतिहासिक निबंधही त्याच वर्षीचा. एकाच वर्षी जगाला दिपवणारे संशोधन आणि जगभर वाचली जाणारी कादंबरी देणारा हा प्राध्यापक. पुढे १९६० मध्ये नारळीकरांनी त्यांच्याकडेच संशोधन सुरू केले.

हॉइल हे विक्षिप्त म्हणावे इतके स्वतंत्र बुद्धीचे होते. ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात वापरले आणि आयुष्यभर त्या सिद्धांताला विरोध केला. विश्वाला आरंभ नाही, ते स्थिर अवस्थेत आहे, हे त्यांचे म्हणणे. १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉइल गेले नाहीत. नारळीकरही गेले नाहीत. १९९३ मध्ये या दोघांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर विश्वाची सुधारित आवृत्ती मांडली. बहुमत आज त्यांच्या विरोधात आहे, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

कथालेखनावर या गुरूचा प्रभाव दोन प्रकारचा आहे. पहिला सरळ आहे. मोठा शास्त्रज्ञ कथा लिहू शकतो आणि त्यामुळे त्याच्या विज्ञानाला कमीपणा येत नाही, हे नारळीकरांनी रोज पाहिले. भारतीय विद्यापीठांत तेव्हा ‘लोकप्रिय’ लिहिणे म्हणजे संशोधन आटल्याची खूण मानली जात असे. हा संकोच त्यांच्या मनातून केंब्रिजमध्येच गेला असावा.

दुसरा प्रभाव कथांच्या सांगाड्यात दिसतो. ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक प्रचंड ढग येतो आणि शास्त्रज्ञ विरुद्ध राजकारणी असा सामना सुरू होतो. आकाशातून संकट, ते आधी ओळखणारा शास्त्रज्ञ आणि ऐकून घ्यायला तयार नसलेली सत्ता हा सांगाडा नारळीकरांच्या ‘धूमकेतू’मध्ये आणि मुंबईवर बर्फ पडण्यापासून सुरू होणाऱ्या ‘हिमप्रलय’मध्ये ओळखू येतो. हॉइल यांना हिमयुगाचे वेड होते, त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. जॉन एलियट यांच्यासह हॉइल यांनी लिहिलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या १९६१ च्या बीबीसी मालिकेत दूरच्या दीर्घिकेकडून संदेश येतो. त्यात एक संगणक कसा बांधायचा याच्या सूचना असतात आणि तो संगणक पुढे माणसांना डोईजड होतो. ‘वामन परत न आला’ या नारळीकरांच्या कादंबरीतही कोणा प्रगत संस्कृतीने ठेवलेल्या सूचनांवरून यंत्रमानव घडतो. फरक इतकाच की, सूचना आकाशातून येत नाहीत, जमिनीखालून सापडतात.

हा फरक छोटा वाटतो, पण नारळीकर गुरूपासून वेगळे होतात ते नेमके येथे.

मग नारळीकरांचे स्वतःचे काय?

त्यासाठी बनारसला जावे लागेल. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा, पण वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख असल्यामुळे बालपण गंगेकाठी गेले. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. आई सुमती संस्कृतच्या विदुषी. घरात एक फळा होता. शिकण्यासाठी राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे कोडे लिहून ठेवत. कोडे सुटेपर्यंत ते पुसले जात नसे.

वडिलांकडून गणित, आईकडून पुराणे आणि मामाकडून कोडी अशी शिदोरी घेऊन हा मुलगा केंब्रिजला गेला. त्यामुळेच त्याच्या कथांची शीर्षके ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’ अशी आहेत. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियस पट्टी, क्रिकेटचा कसोटी सामना आणि गणपतीची मूर्ती एकत्र येतात. कागदाची पट्टी एक पीळ देऊन जोडली की तिला एकच बाजू उरते. अशा पट्टीवरून सपाट डावा हात एक फेरी मारून आला तर तो उजवा झालेला असतो. अवकाशालाच असा पीळ पडला आणि त्यातून माणूस फिरून आला तर? त्याचे सगळेच आरशातल्यासारखे उलटे होईल. हे इंग्रजी वाचकाला समजावताना लेखकाला हातमोज्यांचा दाखला द्यावा लागला असता. मराठी वाचकासाठी गणपतीची सोंड पुरते. डाव्या आणि उजव्या सोंडेत काय फरक असतो, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

मराठीत विज्ञानकथा त्यांच्याआधी नव्हती, असे मात्र नाही. ज्यूल व्हर्नचा अनुवाद ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास येत होता. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. पण बहुतेक माल आयात केलेला किंवा रहस्यकथेला विज्ञानाची फोडणी दिलेला होता. नारळीकरांनंतर आणि त्यांच्या बरोबरीने बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर असे लेखक उभे राहिले. १९७९ मध्ये आलेल्या ‘यक्षांची देणगी’ने दिवाळी अंकांत विज्ञानकथेची जागा पक्की केली.

इंग्रजीत त्यांचे नाव होते, वाचकही मिळाले असते. तरी कथा आधी मराठीत आणि मग बऱ्याचदा स्वतःच इंग्रजीत, असा क्रम त्यांनी ठेवला. शोधनिबंध इंग्रजीत आणि कथा मराठीत ही विभागणी आयुष्यभर टिकली.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इतकी महत्त्वाची का?

नारळीकरांची एकच कथा वाचायची असेल तर ती ही. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने तिची इंग्रजी आवृत्ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आहे. त्यामुळे पानिपत कुठे आहे हे नीट न सांगता येणाऱ्या देशभरातील विद्यार्थ्यांनी विश्वासराव आणि भाऊसाहेबांची बखर यांवर परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात. गाडीचे नाव जिजामाता एक्स्प्रेस. वाटेत ‘ब्रिटिश राज्या’ची हद्द लागते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार पाहते आहे. चक्रावलेले पंत एशियाटिक ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके काढतात आणि त्यांच्या लक्षात येते, की या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती कानाला चाटून गेली. मराठे जिंकले.

येथे नारळीकर दोन सिद्धांत वापरतात. पहिला रेने थॉम यांचा ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी हळूहळू दाबून पाहा. काही वेळ काहीच होत नाही आणि मग एका क्षणी ती फाटकन डावीकडे किंवा उजवीकडे वाकते. दाब सावकाश वाढला, पण परिणाम एकदम झाला. कोणत्या बाजूला, हे अगदी क्षुल्लक गोष्टीवर ठरते. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी याला ‘बकलिंग’ म्हणतात आणि खांब असे वाकू नयेत म्हणून वर्षभर गणिते करतात. लढाईत दोन्ही सैन्ये तुल्यबळ असतात, ताण वाढत जातो आणि एक गोळी इतिहासाची पट्टी कोणत्या बाजूला वाकणार ते ठरवते.

दुसरा सिद्धांत पुंजभौतिकीचा. बंदुकीची गोळी कोणत्या दिशेने, किती वेगाने सुटली हे कळले तर ती कुठे जाईल हे सांगता येते. इलेक्ट्रॉनबाबत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये असा अर्थ लावला, की या सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात, पण वेगवेगळ्या जगांत. एका जगातून दुसऱ्या जगात जाता येते असे भौतिकशास्त्र म्हणत नाही. ती सूट कथालेखकाने घेतली आहे.

हॉइल यांच्या १९६६ च्या ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’ या कादंबरीत एकाच पृथ्वीवर वेगवेगळे देश वेगवेगळ्या काळांत वावरतात. काळाशी खेळण्याची परवानगी नारळीकरांना तिथून मिळाली असेल. पण हॉइल यांच्याकडे नसलेली एक गोष्ट या कथेत आहे आणि ती म्हणजे जखम. ‘पानिपत होणे’ हा मराठीत वाक्प्रचार आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पराभवाचे नाव येथे परीक्षेतल्या, निवडणुकीतल्या, क्रिकेटमधल्या पराभवाला दिले जाते. त्या जखमेवरची खपली काढून ‘समजा, झालेच नसते तर?’ असे विचारणे हे धाडस आहे. एखाद्या सवंग लेखकाने मराठ्यांच्या विजयाचे ढोल वाजवले असते. नारळीकरांचा नायक त्या विजयी जगात एकटा पडतो. मुलगा ज्या कंपनीत नोकरीला असायला हवा तिथे तो चौकशी करतो, तर त्या नावाचे कोणी तिथे नसते. इतिहास हवा तसा झाला, पण त्यात आपला मुलगा जन्मलाच नाही. कथेत हे दोन-चार ओळींतच येते. नारळीकर त्यावर रेंगाळत नाहीत आणि काही वाचकांना ते रेंगाळायला हवे होते असे आजही वाटते.

शेवटी आझाद मैदानावर सभा चाललेली असते. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ते पाहवत नाही. ते जाऊन बसतात. मात्र या जगातील लोकांनी सभेला अध्यक्ष असण्याची प्रथाच मोडीत काढलेली असते. अंडी-टोमॅटोंच्या माऱ्यात गंगाधरपंतांचे व्यक्तिगत पानिपत होते. मराठी सभासंस्कृतीची इतकी मिश्कील खिल्ली एका खगोलशास्त्रज्ञाने उडवावी, हीच मोठी गंमत.

कथांमधला श्रद्धा-अंधश्रद्धेचा सूर कुठून आला?

‘धूमकेतू’मध्ये कोलकात्याचे हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे दिसते. जगभरातील शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याला वळवण्याची मोहीम आखतात आणि त्याच वेळी दत्तदांच्या घरात अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो. संकट टळते. कोणामुळे टळले यावर घरात दोन मते. आकाशातला धूमकेतू वळवता आला, घरातली समजूत वळवता आली नाही, हा या कथेचा खरा काटा आहे.

‘नासा’ने २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या छोट्या अशनीवर आदळवले आणि त्याचा परिभ्रमणकाळ ३२ मिनिटांनी कमी केला. कथेतले वैज्ञानिक निम्मे काम अशा रीतीने खरे ठरले. उरलेले निम्मे काम नारळीकरांनी प्रत्यक्षात करून पाहिले. २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणाची हे सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती.

पुराणांची नावे कथेला देणाऱ्या या लेखकाने प्राचीन भारतात विमाने आणि अण्वस्त्रे होती असे दावे मात्र कधी मान्य केले नाहीत. पुरावा आणि गणित दाखवा, एवढीच त्यांची अट असे. जमिनीखाली पुरलेल्या प्रगत संस्कृतीची कादंबरी लिहिणाऱ्या लेखकानेच हे म्हणावे यात विसंगती नाही. कथा आणि दावा यांतली सीमारेषा त्यांनी कसोशीने पाळली.

‘वामन’ आज पुन्हा का वाचावा?

त्या कादंबरीतील यंत्रमानव माणसापेक्षा हुशार आहे, कामसू आहे आणि सुरुवातीला आज्ञाधारकही. त्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे स्वतःसारखे यंत्रमानव तयार करण्याची क्षमता. ज्या संस्कृतीने त्याची कृती लिहून ठेवली तिचे काय झाले, याचे उत्तर याच मागणीत दडलेले आहे. तीन पावले मागणाऱ्या बटूची पौराणिक गोष्ट येथे बेमालूम बसते. मागणी दिसायला लहान, दिल्यावर मात्र हाती काहीच उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या चर्चेत स्वतःत सुधारणा करू शकणाऱ्या यंत्रणांची भीती हाच कळीचा मुद्दा आहे. संगणक जेव्हा भारतात मोजक्या संस्थांमध्ये होते, तेव्हा एका मराठी कादंबरीने तो नेमका पकडला होता. मराठी पुस्तकांच्या दुकानात ही कादंबरी आजही ‘बालकुमार’च्या शेजारी ठेवलेली आढळते, त्याला मात्र इलाज नाही.

टीकाकारांचे आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप पात्रांविषयी. नारळीकरांची माणसे अनेकदा माणसे कमी आणि भूमिका जास्त असतात. एक समजावणारा शास्त्रज्ञ, एक प्रश्न विचारणारा मित्र किंवा पत्रकार आणि मध्ये एक फळा. ‘गंगाधरपंत’मध्येही शेवटी राजेंद्र देशपांडे हे पात्र केवळ उलगडा करण्यासाठी येते. स्त्रिया बहुतेक वेळा चहा आणि शंका घेऊन येतात. हॉइल यांच्या कादंबऱ्यांवरही असेच आक्षेप घेतले गेले, त्यामुळे गुरूकडून दोषही आले असे म्हणायला जागा आहे.

दुसरा आक्षेप हेतूविषयीचा. विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी कथा लिहिली की कथेचे साधन होते आणि साहित्य मागे पडते. नारळीकरांनी हा हेतू कधी लपवला नाही. पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ स्थापन केल्यावर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते वहीवर सही देण्याऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न विचारायला सांगत. उत्तर आणि सही दोन्ही टपालाने जाई. बनारसच्या फळ्यावरचे कोडे जणू पोस्टकार्डावर आले होते. कथाही त्याच फळ्याचा विस्तार होती, असे मानले तर आक्षेप बराचसा खरा आहे. पण मग फळ्यावर न मावणारी गंगाधरपंतांच्या मुलाची ती रिकामी जागा कुठून आली, याचे उत्तर द्यावे लागते. लेखक म्हणून नारळीकर आपल्या हेतूपेक्षा अधूनमधून मोठे झाले आणि त्या मोजक्या कथा टिकल्या.

पुढचा प्रवास कसा झाला?

‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’ या कादंबऱ्यांमध्ये परग्रहवासी आणि माणूस यांच्या संबंधांचा विषय वारंवार येतो. विश्वात आपण एकटे आहोत का, हा प्रश्न त्यांनी कथेपुरता ठेवला नाही. हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या मते सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असावेत. ते तपासण्यासाठी नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘इस्रो’च्या साह्याने हैदराबादहून बलून सोडण्यात आले. २००५ च्या उड्डाणात ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून गोळा केलेल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. त्या अवकाशातूनच आल्या, असे सिद्ध झाले नाही आणि तसा दावाही करण्यात आला नाही. २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली. त्यांपैकी एक ‘जॅनिबॅक्टर हॉइली’.

लेखक म्हणून शेवटचे मोठे वळण आत्मचरित्राचे. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे यांवरच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथांमध्ये अंग चोरून वावरणारी माणसे येथे मोकळेपणाने येतात. मोरूमामांचा फळाही येथेच भेटतो.

२०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळालेले ते पहिले वैज्ञानिक. करोनामुळे लांबलेले संमेलन डिसेंबरमध्ये भरले, पण प्रकृतीच्या कारणाने ते नाशिकला जाऊ शकले नाहीत. संमेलन पार पडले, अध्यक्षांविना. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. व्यासपीठावरच्या त्या रिकाम्या खुर्चीवरून तेव्हा बरीच नाराजी आणि बरीच चर्चा झाली होती. आझाद मैदानावरच्या सभेची आठवण मात्र त्या चर्चेत फार कोणी काढली नाही.